ओल्या बाभळीची मूठ

लिंबाजीमामा गेल्याची बातमी मला पिंगळीच्या स्टेशनावर दिगंबरने सांगितली. दिगंबर त्यांचा सख्खा पुतण्या. सख्ख्या पुतण्याने सांगितलेली मरणाची बातमी कुणीही खरी धरेल. मी धरली नाही. कधी गेले, कुठे गेले, शेवटी जवळ कोण होतं, असं मी त्याला उलटसुलट विचारत राहिलो आणि तो बिचारा उत्तरं देत राहिला... परभणीला, थोरल्या मुलाच्या घरी, सकाळी चहा घेऊन जरा आडवे झाले ते उठलेच नाहीत. त्याची गाडी आली, तो चढून गेला. मग स्टेशनाबाहेरच्या हॉटेलात आमच्या गावचे दोघं बसले होते, त्यांना मी पुन्हा विचारलं आणि तेव्हा कुठे मी ते खरं धरलं. माझा स्वभावच असा. दूधवाल्याने मापून दिलेलं दूध मी घरात परत मापतो. वर्गातली मुलं माना खाली घालून शांतपणे लिहायला लागली की बाकाखाली काय चाललंय हे मी आधी वाकून बघतो. बायको म्हणते, तुमच्या गळ्यात कुणी हार घातला तरी तुम्ही दोरा ओढून बघाल. बघतोच मी. पण हा संशय मला पहिल्यांदा कुणापायी लागला हे मी तिलाही कधी सांगितलं नव्हतं. मामांना जाऊन आता दीड महिना झालाय, तेव्हा सांगायला हरकत नाही.

आमचं गाव पिंगळी स्टेशनापासून तासाभराच्या पायवाटेवर. लिंबाजीमामा गावचे सुतार. उंच, किडकिडीत, डाव्या अंगठ्याला नख नाही, आणि बोलणं असं की शब्दसुद्धा रंधा मारूनच बाहेर काढायचे. गावातली झाडून सगळी औतं, तिफणी, बाजा, पाळणे त्यांच्या हातचे. आमच्या बौद्धवाड्यातल्या बायकांच्या खुरप्यांनाही मुठी तेच बसवून देत. फक्त खुरपं त्यांच्या हातात द्यायचं नसे, खाली ठेवायचं. ते उचलत, काम झालं की परत खाली ठेवत, मग आपण उचलायचं. याबद्दल ते कधी काही बोलले नाहीत आणि आमच्यातलंही कुणी बोललं नाही. मी मात्र लहानपणापासून ते नीट बघून ठेवलं होतं.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यातली हवाच फिरली. मी नुकताच बारावी झालो होतो. इथली घरं पेटवली, तिथल्या माणसांना गाव सोडावं लागलं, अशा बातम्या रोज येत. आमच्या गावात तसं काही झालं नव्हतं, पण कालपर्यंत हाक मारणारी माणसं रस्त्यात दिसली की चपलेकडे बघत निघून जायला लागली. बायका भरदुपारीसुद्धा एकट्या ओढ्यावर जाईनात. त्या दिवसांत माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली, की आपल्या घरात तलवार पाहिजे. कशी धरायची, कशी चालवायची, काही माहीत नव्हतं. एका गॅरेजमागे ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा पडलेला मिळाला. परभणीच्या रस्त्याला घिसाड्यांचं बिऱ्हाड उतरलं होतं. त्यातल्या एकाने शेरभर ज्वारीवर तो तुकडा तापवून, ठोकून लांबवून दिला आणि मागे मुठीत जायला वीतभर शेपूट काढलं. कशाला पाहिजे, हे त्याने विचारलं नाही. पुढचे आठ दिवस मी कानस घेऊन धार काढत बसलो. तलवार कसली, लांबलचक कोयताच दिसत होता तो. मला मात्र ती तलवारच दिसत होती. मूठ तेवढी राहिली होती, आणि मूठ म्हटलं की गावात एकच माणूस.

दिवस माघाचे. गोणपाटात गुंडाळून ते पातं मी मामांकडे नेलं. ते लिंबाखाली बसून कुणाच्या तरी वखराचं दांडकं तासत होते. मी गोणपाट खाली ठेवलं, उघडलं. त्यांनी बराच वेळ पात्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग रस्त्याकडे.

"कामून आनलंस हे?"

"मूठ बसवायची हाय, मामा."

"ते दिसायलंय मला. मी ह्याला हात लावनार न्हाई," ते म्हणाले. मी गोणपाट गुंडाळायला लागलो तसे पुढे म्हणाले, "तूच बसव. मी सांगतो तसं कर. उद्या कुनी इचारलं तर मी हात लावला न्हाई, हे मला खरं सांगता आलं पायजे."

मला ते पटलं आणि त्याच क्षणी शंकाही आली. नाही म्हणायचं तर सरळ नाही म्हणायला काय हरकत होती? माझ्या हाताने करून घेण्यात यांचा काय डाव आहे? पण मला दुसरा सुतार नव्हता. मी बसलो. कोपऱ्यात लाकडाचा ढीग होता, त्यातला बाभळीचा एक तुकडा त्यांनी पायाने माझ्याकडे सरकवला. साल नुकतीच काढलेली असावी, हाताला गार लागला. "ओली हाय का, मामा?" मी विचारलं. "ओल्यात भोक सोपं पडतं. नवशिक्याला तेच बरं," ते म्हणाले. लाकूड तासायची वाकस त्यांनी खाली ठेवली, मी उचलली. आयुष्यात पहिल्यांदा वाकस हातात धरत होतो. पहिल्या दोन घावांत लाकूड जागच्या जागी आणि माझं बोट फुटलेलं. मी घरात बघितलेली मूठ एकच, आईच्या खुरप्याची. म्हणून मी तशीच गोल, मधे जरा फुगीर मूठ तासत गेलो. मामा आपलं दांडकं तासत मधूनमधून माझ्याकडे बघत होते. गोल होतेय हे त्यांना दिसत होतं. ते काही बोलले नाहीत. मग गिरमिटाने भोक, मग शेपूट विस्तवात लाल करून त्या भोकात दाबायचं. दाबलं तसा चर्र आवाज झाला आणि भोकातून पांढरी वाफ आली, डोळ्यांत गेली. माझ्या आईने चुलीत ओलं सरपण घातलं की येतो तसाच वास. मी लाकडी हातोडा मारत होतो आणि ते "हळू... आता जोरात... आता हळू" एवढंच म्हणत होते. शेवटी मी विचारलं, मुठीच्या तोंडाला लोखंडी शेंबी, म्हणजे घट्ट कडं, लावायची का, खुरप्याला असते तशी? "खुरप्याला लागती," ते म्हणाले. मूठ धरून मी हवेत हात फिरवून बघितला. पातं जरासं बोटांत फिरलं. "फिरायलीय, मामा." "सवय हुईल," ते म्हणाले आणि परत वखराकडे वळले. हाताला फोड आले होते, बोट ठणकत होतं आणि मला इतका आनंद झाला होता की जाताना मी त्यांच्या पाया पडलो, लांबूनच.

घरी आई बघायला नको म्हणून मी तलवार पत्र्याखालच्या आढ्याला खोचून ठेवली. चैत्र लागला. आमचे पत्रे त्या दिवसांत असे तापायचे की खाली बसवत नसे. त्याच महिन्यात जयंतीची मिरवणूक होती. या वर्षी ती पारावरून न्यायची नाही, असं गावातल्या काहींनी ठरवलं होतं आणि पारावरूनच न्यायची, असं आम्ही. भरदुपारी बैलगाडीवर फोटो ठेवून आम्ही निघालो. पाराच्या अलीकडच्या वळणावर ते उभे होते, वीस-पंचवीसजण, काठ्या घेऊन, आणि सगळ्यांत पुढे दिगंबर. त्याने बैलाची वेसण धरली. बैल बिचकला, गाडी कलली, फोटो घसरला. तो कुणी सावरला ते मी बघितलं नाही, कारण मी घराकडे पळालो होतो. आढ्याची तलवार उपसली आणि तसाच परत आलो. माझ्या तोंडून काय निघत होतं मला आठवत नाही. दिगंबर वेसण सोडेना. मी दोन पावलांवर गेलो, हात वर उचलला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून खाली आणला.

हात खाली आला. पातं आलं नाही. ते मुठीतून निसटून दिगंबरच्या कानाजवळून गेलं आणि मागच्या मातीच्या भिंतीवर आदळून आमच्याच बायकांच्या घोळक्यासमोर पडलं. माझ्या हातात नुसती मूठ, वरपासून अर्ध्यापर्यंत तडकलेली. मग गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "आरं, मूठ राहिली की लेकाच्या हातात," आणि हसू फुटलं... त्यांच्यातही आणि आमच्यातही. हसण्याने माणसं ढिली पडली, दोन्हीकडची चार म्हातारी मधे शिरली. बंदोबस्ताचे दोन पोलीस मागे राहिले होते, ते धावत आले. तोवर माझ्या आईने डोक्यावरची पाटी त्या पात्यावर पालथी घातली होती आणि तिच्यावर ती चक्क बसली होती. पोलिसाने माझं मनगट धरलं. "हे काय आहे?" आईच बसल्या जागेवरून म्हणाली, "खुरप्याची मूठ हाय सायेब. निसटली." पोलिसाने मूठ फिरवून बघितली. गोल, मधे फुगीर, खुरप्याचीच ती. त्याने ती फेकून दिली. त्या दिवशी दगड मारले म्हणून आमच्यातल्या तिघांवर केस झाली, पुढे त्यातल्या एकाचीही सरकारी नोकरी झाली नाही. माझी झाली. मी मास्तर झालो. तो सगळा हंगाम गावाने आमच्या माणसांना शेतात कामाला बोलावलं नाही, हेही इथेच सांगितलेलं बरं, नाहीतर हसण्यावारी सगळं मिटलं असं कुणाला वाटेल.

मला मात्र त्या हसण्याने पार जाळून टाकलं. पोरंटोरं मला 'मुठ्या' म्हणायला लागली. आईने ती तडकलेली मूठ शोधून आणली होती. चुलीत घालण्याआधी तिने ती नखाने टोकरून बघितली आणि म्हणाली, "ओल्या लाकडाची हुती. वाळली, सुटली. सुताराला हे कळत न्हाई व्हय?" तिने ते सहज म्हटलं आणि मूठ चुलीत गेली. माझ्या डोक्यातून ते वाक्य गेलं नाही. पायाने सरकवलेला तुकडा, 'ओल्यात भोक सोपं पडतं', न लावलेली शेंबी, गोल मूठ बघूनही गप्प बसणं... एकेक गोष्ट जुळत गेली. फसवलं म्हाताऱ्याने. ऐन वेळी माझा हात रिकामा राहावा म्हणून फसवलं. पुढची चार वर्षं मी त्यांच्याशी बोललो नाही. त्यानंतर कुणीही मला काही शिकवायला लागलं की मी बघायचो, हा यातलं काय लपवतोय.

गावच्याच शाळेवर बदली झाली आणि बाकं दुरुस्तीला आली म्हणून मला त्यांच्याकडे जावं लागलं. त्यांनी मला खाटेवर बसवलं, 'गुरुजी' म्हणाले. सुनेने स्टीलच्या पेल्यात चहा आणला. मी पेला फिरवून बघितला. हा वेगळा ठेवलेला तर नाही? पेल्याचा काठ एका जागी चेमटलेला होता, ते मी लक्षात ठेवलं. पुढच्या आठवड्यात न सांगता गेलो, तर मामा त्याच चेमटलेल्या पेल्यातून चहा पीत बसले होते. मला लाज वाटायला हवी होती. वाटली ती जरा उशिरा. तेव्हा आधी मनात आलं ते हे, की मी येताना यांनी लांबून बघितलं असेल. तरी जाणं-येणं वाढलं. ते बोलायचे कमी आणि मला बोलणारी माणसं खोटी वाटायची, त्यामुळे आमचं बरं जमायचं. मी शनिवारी शाळा सुटली की लिंबाखाली जाऊन बसायचो. त्या मुठीचा विषय ना त्यांनी काढला ना मी.

मध्यंतरी आमच्या हेडमास्तरांना मी त्या मुठीचा प्रकार सांगितला. ते म्हणाले, "अहो, त्या माणसाने तुम्हाला वाचवलं. वार बसला असता तर आज तुम्ही तुरुंगात असता." हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आलं आणि मी त्याला घट्ट धरून बसलो. माणूस आपल्याला फसवत नव्हता, आपलं भलं बघत होता, हे धरून जगायला फार बरं वाटतं. विद्यापीठाच्या नावाचा निर्णय शेवटी झाला तेव्हा गावात सभा झाली, गावातले आणि आमच्यातले एका सतरंजीवर बसले. मी उभा राहून ही गोष्ट सांगितली, माझ्या संशयाचा भाग तेवढा वगळून. मामांचे जाहीर आभार मानले, माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामा पहिल्या रांगेत होते. टाळ्या चालू असतानाच ते उठले आणि चप्पल घालून निघून गेले. लाजले असतील, असं सगळे म्हणाले. मला तसं वाटलं नाही.

त्यानंतर महिन्याभरात ते परभणीला मुलाकडे राहायला गेले. मुलाचं कपाटं-पलंग बनवायचं दुकान आहे, त्याच्या मागच्या खोलीत त्यांची खाट होती. मी भेटायला गेलो ती शेवटची भेट. खूप थकले होते. इकडचं तिकडचं झालं आणि मग ते भिंतीकडे बघत, 'गुरुजी' न म्हणता माझ्या नावाने हाक मारत म्हणाले, "भगवाना, सभेत तू सांगितलंस ते खोटं हाय."

"कोनतं, मामा?"

"तुला वाचवलं म्हनलास. तुजा इचार बी नव्हता माज्या डोस्क्यात. जयंतीला भांडन हुनार हे समद्या गावाला दिसत हुतं. आन् आमचा दिगू पुढं असनार, हे मला म्हाईत हुतं. त्याच्यापायी केलं मी ते. ओलं लाकूड मुद्दाम दिलं."

सोळा वर्षं जो संशय घेऊन फिरलो तो खरा निघाला होता आणि मला जराही बरं वाटत नव्हतं. कसाबसा म्हणालो, "मी मारलं नसतं, मामा. भ्या दाखवायला आनली हुती."

"मारलं असतंस," ते म्हणाले. "मूठ तासताना मी तुज्या हाताकडं बगत हुतो."

मला राग आला. इतकी वर्षं मी यांच्यावर संशय घेत होतो आणि त्याच्या आधीपासून, पहिल्या दिवसापासून, हे माझ्यावर संशय घेत होते. आणि राग ओसरल्यावर, त्या खोलीत लाकडाच्या भुशाच्या वासात बसल्या बसल्या, मला माझा हात आठवला... पुरता जोर लावून खाली आलेला. भीती दाखवायला कुणी इतका जोर लावत नाही. हे मला माहीत होतं. ते माहीत असलेला दुसरा माणूस माझ्यासमोर खाटेवर पडला होता. आमच्या माणसांवर काठ्या घेऊन आलेल्याला त्यांनी वाचवलं होतं आणि त्यात मीही वाचलो होतो. याचं काय करायचं ते मला कळेना, अजूनही नीट कळलेलं नाही.

"पातं हाय का आजून?" त्यांनी विचारलं.

नाही म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं. "हाय," मी म्हणालो. "माळ्यावर."

ते उठून बसले. उशीला टेकले. आणि शाळेत धडा सांगावा तसं सांगायला लागले. लाकूड शिसवाचं, दोन उन्हाळे सावलीत वाळलेलं. मूठ गोल करायची नाही, लांबट चपटी करायची, म्हणजे न बघताही धार कुठल्या बाजूला आहे ते हाताला कळतं. हे दाखवायला त्यांनी माझी मूठ आपल्या दोन्ही हातांत धरून चपटी दाबली. भोक शेपटापेक्षा बारीक पाडायचं. बसवण्याआधी आत राळ वितळवून ओतायची. तोंडाला शेंबी लावायचीच. आणि शेवटी मुठीतून आरपार खिळा, दोन्हीकडून ठोकून बोथट केलेला. "म्हन परत," ते म्हणाले. मी म्हटलं. राळेचं विसरलो, त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं. मी विचारलं, आता कशाला सांगताय हे सगळं? ते म्हणाले, "तवा सांगायसारखं नव्हतं. आता तुला सांगाया काई फिकीर न्हाई." मग थकून आडवे झाले आणि मी निघालो. तीन आठवड्यांनी दिगंबर मला स्टेशनावर भेटला.

गेल्या रविवारी मी परभणीच्या बाजारात गेलो होतो. तिथे एक म्हातारे कारागीर आहेत, सुऱ्या आणि कत्त्यांना मुठी बसवायचंच काम करतात, बापजाद्यांपासून. त्यांच्यासमोर उभा राहून मामांनी सांगितलेलं मी पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवलं... शिसव, दोन उन्हाळे, चपटी मूठ, बारीक भोक, राळ, शेंबी, आरपार खिळा. मग विचारलं, चाचा, यात काही राहिलंय का? काही चुकीचं, काही कमी? त्यांनी हातातलं काम थांबवलं, बोटांवर एकेक मोजलं आणि मान हलवली. "कुछ बी नहीं छोडे उनो. सब बता दिये. उस्ताद थे क्या तुमारे?"

मी हो म्हणालो. त्यांना दुसऱ्यांदा विचारलं नाही, आणखी कुणाकडे गेलोही नाही. त्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसलो आणि मामा गेल्यापासून पहिल्यांदा मला रडू आलं.